ज्याच्या हाती ससा : बर्लिन १९३६ च्या मॅरेथॉनचं प्रकरण

९ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये दोन निकाल लागले. पहिला बहुतेकांना ठाऊक असतो. अमेरिकेनं चार बाय शंभर मीटर रिले जिंकली आणि जेसी ओवेन्सच्या खात्यात चौथं सुवर्णपदक आलं. दुसरा निकाल मॅरेथॉनचा. पहिला आला सोन गी-जोंग, तिसरा आला नाम सुंग-योंग. दोघेही कोरियन, दोघेही तेवीस-चोवीस वर्षांचे, दोघेही सोलमधल्या एकाच शाळेत शिकलेले. निकालपत्रात मात्र दोघांसमोर देश म्हणून जपान लिहिलं गेलं. नावंही त्यांची स्वतःची उरली नाहीत. कोरियन नावांची अक्षरं जपानी पद्धतीनं वाचून 'सोन कितेई' आणि 'नान शोर्यू' अशी नोंद झाली.

खेळ आणि राजकारण असा विषय निघाला की आपण ओवेन्सबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या विजयाचा अर्थ लावणं तुलनेनं सोपं आहे. नाझींचा वंशश्रेष्ठत्वाचा दावा समोर होता आणि एक कृष्णवर्णीय धावपटू त्या दाव्यासमोरच चार वेळा जिंकला. सोनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. ज्या सत्तेनं त्याचा देश गिळला होता, तिच्याच खात्यात त्याचा विजय जमा झाला. तो जितका जोरात धावला तितकी त्या सत्तेची शान वाढली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं आपण म्हणतो. इथे ससा कोणी धरला हे लाखभर प्रेक्षकांनी पाहिलं होतं, तरी पारधी म्हणून जपान उभा राहिला. तो विजय परत मिळवण्याची धडपड पुढे कित्येक दशकं चालली, आणि ती बरीचशी धावपट्टीबाहेरच्या माणसांनी केली.

देश आणि घर

जपाननं कोरिया खालसा केला तो ऑगस्ट १९१० मध्ये. सोनचा जन्म १९१२ चा, यालू नदीकाठच्या सिनुइजू गावातला. नदीच्या पलीकडे चीन. म्हणजे स्वतंत्र कोरिया त्यानं कधी पाहिलाच नव्हता. जन्मल्यापासून पोलीस जपानी, कचेरी जपानी, नोटांवरचं राज्य जपानी.

घरची गरिबी होती. नदीकाठच्या खडबडीत रस्त्यानं शाळेत पळत जायचं, पळतच परत यायचं, हाच त्याचा सराव. मुलानं पळण्यापेक्षा अभ्यासात लक्ष घालावं असं आईला वाटे. म्हणून तिनं त्याला बायकांचे रबरी जोडे घेऊन दिले. ते पळताना पायातून सुटतात. मुलानं ते गवताच्या दोरीनं पायाला बांधले आणि पळत राहिला, अशी हकीकत सांगतात. पुढे त्याला सोलच्या यांगजोंग शाळेत प्रवेश मिळाला आणि त्याच्या धावण्याला शिस्त आली. त्या शाळेत लांब पल्ल्याच्या धावण्याची चांगली परंपरा होती. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या पथकातून किम उन-बे आणि क्वोन ते-हा हे दोन कोरियन मॅरेथॉन धावले होते. सहावा आलेला किम याच शाळेचा विद्यार्थी.

हा मुद्दा पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. कोरियनांना वरच्या जागा, मोठी पदं, मोठे धंदे यांची दारं जवळपास बंद होती. धावायला मात्र रस्ता पुरतो. घड्याळात दिसणारी वेळ माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या देशाचा हे विचारत नाही. ३ नोव्हेंबर १९३५ ला टोकियोत सोननं २ तास २६ मिनिटं ४२ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. तेव्हाची जगातली ती सर्वोत्तम वेळ होती. जपानच्या राजधानीत, जपानी पंचांच्या घड्याळावर लागलेली वेळ नाकारणं कोणालाच शक्य नव्हतं.

मे १९३६ मधल्या निवड चाचणीत नाम पहिला आला, सोन दुसरा. आता दोघांनाही वगळायचं तर कारण काय सांगणार? मॅरेथॉनमध्ये एका देशाचे तिघेच धावू शकत होते. तरीही जपाननं चौघांना बर्लिनला नेलं, दोन कोरियन आणि दोन जपानी, आणि शेवटची निवड तिथे पोहोचल्यावर पुन्हा चाचणी घेऊन केली. इतक्या लांबच्या आगगाडीच्या प्रवासानंतर, मुख्य शर्यत तोंडावर आलेली असताना, पुन्हा एकदा जीव तोडून धावायला लावणं यात खेळाचं शहाणपण नव्हतं. दोन्ही कोरियन त्यातूनही टिकले. उरलेल्या एका जागेवर जपानचा शिवाकू आला. मुख्य शर्यत तो पूर्ण करू शकला नाही.

यजमान आणि पुढचे यजमान

१९३६ च्या बर्लिनचं वातावरण अनेकांनी वर्णन केलं आहे. स्वस्तिकाचे झेंडे, शहरात तात्पुरत्या झाकलेल्या ज्यूविरोधी पाट्या, पहिल्यांदाच ऑलिंपियाहून धावत आणलेली ज्योत. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. या प्रकरणासाठी वेगळी एक तारीख लक्षात ठेवावी लागते: ३१ जुलै १९३६. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बर्लिनमध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली आणि १९४० ची स्पर्धा टोकियोला देण्याचा निर्णय झाला. हेलसिंकीला २७ मतं, टोकियोला ३६. मांचुरिया १९३१ मध्येच गिळून, त्यावरून राष्ट्रसंघातून बाहेर पडलेल्या जपानला जगानं पुढचा यजमान म्हणून मान दिला होता. त्यानंतर नऊच दिवसांनी मॅरेथॉन होती. ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकण्याचं जपानचं स्वप्न जुनं होतं. अशा वेळी विजेता कोरियन आहे हे जपानी अधिकारी मोठ्यानं सांगतील, अशी अपेक्षा कोणी करू नये.

त्याच आठवड्यात कोरियाचा नवा गव्हर्नर जनरल नेमला गेला, मिनामी जिरो. कोरिया आणि जपान एकच शरीर, अशी घोषणा देत त्याच्या कारकिर्दीत शाळांतून कोरियन भाषा बाजूला सारली गेली आणि १९४० पासून लोकांना जपानी आडनावं घ्यायला लावली गेली. बर्लिनच्या निकालपत्रात दोन खेळाडूंच्या नावांचं जे झालं, ते चार वर्षांनी अख्ख्या देशाच्या नावांचं होणार होतं.

दोन तास एकोणतीस मिनिटं

दुपारी तीन वाजता ५६ धावपटू स्टेडियममधून बाहेर पडले. ग्रुनेवाल्डचं जंगल, हाफेल नदीचा काठ, मग आवुस नावाचा सरळसोट मोटाररस्ता आणि तिथून परत. आघाडी घेतली अर्जेंटिनाच्या हुआन कार्लोस साबालानं. तो १९३२ चा विजेता, आणि सुरुवातीपासूनच त्यानं वेग असा काही ठेवला की मागच्यांनी बिथरून त्याच्यामागे धावावं.

सोन त्याच्या मागे लागण्याच्या बेतात होता. तेव्हा शेजारी धावणाऱ्या ब्रिटनच्या अर्नी हार्परनं त्याला हातानं खूण केली: घाई करू नकोस, त्याला जाऊ दे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हार्पर तिशी ओलांडलेला, मुरलेला धावपटू होता. त्याच्या पायाला फोड येऊन बूट रक्तानं भरत चालला होता. तरी पहिल्यांदाच ऑलिंपिक धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्यानं हा सल्ला दिला. सोन पुढे आयुष्यभर हार्परचं नाव कृतज्ञतेनं घेत राहिला. झेंडे, सलामी आणि पदकांच्या हिशेबानं भरलेल्या त्या पंधरवड्यात दोन अनोळखी माणसं एका रस्त्यावर काही किलोमीटर सोबतीनं धावली. मला बर्लिनचा हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

२८ व्या किलोमीटरच्या सुमाराला दोघांनी साबालाला गाठलं आणि मागे टाकलं. साबाला काही वेळानं शर्यतीतून बाहेर पडला. मग सोननं हार्परलाही मागे सोडलं. त्याच्या पायात अंगठा वेगळा असलेले जपानी ताबी जोडे होते, छातीवर ३८२ क्रमांक आणि त्याच्या वर जपानचा लाल गोळा. शेवटी चढ होता, मग बोगदा, मग स्टेडियम. २ तास २९ मिनिटं १९.२ सेकंद. ऑलिंपिकमध्ये अडीच तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणारा तो पहिला माणूस. हार्पर दोन मिनिटांनी आला. त्याच्यामागे अवघ्या एकोणीस सेकंदांनी नाम. नामनं सुरुवात हळू केली आणि उत्तरार्धात एकेकाला मागे टाकत तो वर आला. धावण्याच्या दृष्टीनं त्याची शर्यतही तितकीच अभ्यासण्यासारखी आहे, पण तिसऱ्या क्रमांकावर कोणी फारसं लिहीत नाही.

चौथरा

विजय समारंभात जपानचं राष्ट्रगीत वाजलं आणि जपानचे दोन झेंडे वर चढले. त्या वेळच्या छायाचित्रात दोघांच्याही माना खाली आहेत. कुठल्याही मॅरेथॉन विजेत्याचा इतका उदास चेहरा मी पाहिलेला नाही. बर्लिनमध्ये प्रत्येक सुवर्णविजेत्याला कुंडीतलं ओकचं रोप मिळत असे. सोननं ते छातीशी असं धरलं की बनियनवरचा लाल गोळा त्यामागे झाकला जावा. नामकडे झाकायला काहीच नव्हतं. त्यानं पुढे सांगितलं की सोनच्या सुवर्णपदकाचा त्याला हेवा वाटला नाही, हेवा वाटला तो त्या रोपाचा.

या एका क्षणाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे आणि त्याला निषेधाचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणून मांडलं जातं. मला तो शब्द थोडा मोठा वाटतो. १९६८ मध्ये मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घालून मुठी उंचावल्या, तो ठरवून, सगळ्या जगाला दिसेल असा केलेला निषेध होता. सोन आणि नाम यांची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी होती. जाहीर काही करावं तर घरचे लोक, शाळा, पुढे धावू पाहणारी मुलं सगळीच जपानच्या ताब्यात. जे करता येईल ते इतकं छोटं असायला हवं होतं की पकडताही येऊ नये.

ती छोटी कामं त्यांनी चिकाटीनं केली. सही मागायला येणाऱ्यांना सोन कोरियन लिपीत नाव लिहून देई आणि खाली कोरियन असं इंग्रजीत लिही. अशी १५ ऑगस्ट १९३६ ची एक सही उपलब्ध आहे. मायदेशी एका मित्राला त्यानं कार्ड पाठवलं. ऑलिंपिक जिंकलेल्या माणसाच्या त्या कार्डावर मजकूर एका शब्दाचा होता, आणि त्या शब्दाचा अर्थ 'वाईट वाटतं'. बर्लिनमध्ये आन बोंग-गून नावाचा एक कोरियन टोफू बनवण्याचा कारखाना चालवत असे. १९०९ मध्ये हार्बिनच्या स्टेशनवर जपानी नेते इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडणारा आन जुंग-गून याचा तो चुलतभाऊ. त्यानं खेळाडूंना घरी बोलावलं. तिथे सोननं आयुष्यात पहिल्यांदा कोरियाचा झेंडा पाहिला. देशासाठी ऑलिंपिक जिंकून झाल्यावर!

२५ ऑगस्टचा अंक

इथून पुढे गोष्ट वर्तमानपत्राच्या कचेरीत जाते. माझ्या मते या प्रकरणाचं खरं केंद्र तिथेच आहे.

सोलच्या 'दोंग-आ इल्बो' या दैनिकानं २५ ऑगस्टच्या अंकात विजय समारंभाचं छायाचित्र छापलं. छायाचित्र जपानी प्रकाशनातूनच घेतलेलं होतं. फक्त सोनच्या छातीवरचा लाल गोळा त्यात नव्हता. क्रीडा वार्ताहर ली गिल-योंग यांची ती कल्पना होती, आणि प्रत्यक्ष रंग फिरवून गोळा पुसण्याचं काम दैनिकातले चित्रकार ली सांग-बोम यांनी केलं. हे ली सांग-बोम पुढे कोरियन शाईचित्रांचे मोठे कलावंत म्हणून ओळखले गेले. त्याआधी १३ ऑगस्टला यो उन-ह्योंग यांच्या 'चोसुन जुंगांग इल्बो'नंही असंच चित्र छापलं होतं; पण छपाई इतकी पुसट होती की वर्तमानपत्रं तपासणाऱ्या सरकारी परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. दोंग-आचं चित्र ठळक होतं. ते लपलं नाही.

पोलीस कचेरीत शिरले. दहाच्या आसपास माणसं धरली गेली. वार्ताहर, चित्रकार, छायाचित्र विभागातले लोक, शिवाय बातमी विभागाचे प्रमुख ह्योन जिन-गोन, जे कोरियाचे नामवंत कथाकार होते. कोठडीत मारहाण झाली. सुटका झाली तेव्हा पुन्हा वर्तमानपत्रात काम करणार नाही असं लिहून घेतलं गेलं. २९ ऑगस्टपासून दोंग-आ इल्बो बंद करण्यात आलं, ते सुमारे नऊ महिने बंद राहिलं. जुंगांग इल्बोनं ५ सप्टेंबरला स्वतःहून अंक थांबवले आणि ते दैनिक पुन्हा कधीच निघालं नाही.

एका छायाचित्रातला नखाएवढा गोळा पुसण्याची ही किंमत. ती त्यांना आधी ठाऊक नव्हती असं म्हणता येत नाही. दोंग-आ त्याआधीही सरकारी आदेशानं बंद पडलेलं होतं, आणि परीक्षकाच्या नजरेखालूनच रोजचा अंक बाहेर जात होता. क्रीडा पान हे तुलनेनं सुरक्षित पान असतं, निकाल छापायचे, आकडे छापायचे, चौकट मोडायची गरज नसते. त्याच पानावर या माणसांनी ठरवून धोका पत्करला. सोननं रोप छातीशी धरलं तेव्हा ते हजारो मैलांवर होतं. वाचकाच्या हाती पडलेल्या चित्रात तो झेंडा उरलाच नाही, आणि त्यामुळे सोलच्या रस्त्यावरच्या माणसाला त्या पदकावर हक्क सांगता आला. म्हणून मी म्हणतो की हा विजय दोनदा मिळवला गेला, एकदा बर्लिनच्या रस्त्यावर आणि एकदा सोलच्या छपाईखान्यात.

ली गिल-योंग यांचा शेवट फार दुःखद आहे. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा पत्रकारितेत आले. १९५० मध्ये युद्ध पेटलं, उत्तर कोरियाच्या फौजा त्यांना धरून घेऊन गेल्या, आणि ते परतले नाहीत.

परतल्यावर

सोन मायदेशी आला तेव्हा मिरवणूक निघाली नाही. पोलीस सोबत होते. जाईल तिथे पाळत. काही काळ सोलच्या बोसुंग कॉलेजात काढल्यावर तो टोकियोच्या मेइजी विद्यापीठात गेला, पण धावणार नाही या अटीवर. जगातला सगळ्यात वेगवान मॅरेथॉनपटू, वय पंचविशीचं, आणि त्याला धावायला बंदी. त्यानंतर तो बँकेत नोकरीला लागला. १९४० ची टोकियो स्पर्धा जपाननं चीनशी चाललेल्या युद्धामुळे १९३८ मध्येच परत केली, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती पत्करली, आणि त्यानंतर सोननं धावण्याऐवजी धावपटू घडवायला घेतले. १९४७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये त्याचा शिष्य सो युन-बोक जिंकला, आणि वेळ २ तास २५ मिनिटं ३९ सेकंद. म्हणजे सोनचाच १९३५ चा विक्रम त्याच्या शिष्यानं मोडला. १९५० मध्ये बोस्टनला पहिले तिन्ही क्रमांक त्यानं तयार केलेल्या कोरियन मुलांनी घेतले. दोनच महिन्यांनी युद्ध सुरू झालं.

मधल्या काळात १९४८ चं लंडन ऑलिंपिक. तिथे उन्हाळी ऑलिंपिकमध्ये कोरिया पहिल्यांदा स्वतःच्या नावानं आणि झेंड्यानं उतरला. उद्घाटनाला तो झेंडा धरून पुढे चालला सोन. गंमत अशी की स्पर्धा संपली १४ ऑगस्टला आणि दक्षिण कोरियाचं सरकार रीतसर स्थापन झालं १५ ऑगस्टला. देश कागदावर येण्याआधी ऑलिंपिकच्या मैदानावर आला.

आपलं बर्लिन, त्यांचं बर्लिन

हे सगळं वाचताना मराठी वाचकाला आपली बर्लिनवारी आठवेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच १९३६ मध्ये बर्लिनला गेलं होतं आणि त्यांनी तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच स्पर्धेत १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. त्या सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, सगळ्यांनी त्याला सलामी दिली, आणि मग संघ मैदानावर गेला. मैदानावरचा अधिकृत झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता.

वरवर दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात: परक्याचं राज्य, परक्याचा झेंडा, बंद खोलीत आपला. पण एक फरक मोठा आहे. आपल्या खेळाडूंच्या नावापुढे देश म्हणून भारत लिहिलं जात होतं. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले, तेव्हाही त्यांची नोंद भारताच्या नावावर झाली. सर दोराबजी टाटांच्या खटपटीनं भारताला ऑलिंपिकमध्ये स्वतःची जागा मिळाली होती. झेंडा परका असला तरी खातं आपलं होतं. म्हणून ध्यानचंद यांची तिन्ही सुवर्णपदकं आज आपण निःशंक मोजतो, कोणाला त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. कोरियाचं खातंच बंद केलेलं होतं. जपानची सत्ता इंग्रजांपेक्षा जास्त क्रूर की कमी, हा वाद इथे घालत नाही. पण खेळाच्या नोंदीपुरतं सांगायचं तर गुलामीतही नाव शिल्लक राहणं ही फार मोठी गोष्ट ठरली. १९४८ च्या लंडनमध्ये हॉकी संघानं ब्रिटनला ४-० हरवलं आणि खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले. आपल्यासाठी ती जुन्याच खात्यातली पुढची नोंद होती. कोरियाला त्याच वर्षी पहिलं पान उघडावं लागलं.

थकबाकी

बर्लिनच्या विजेत्याला आणखी एक वस्तू मिळायची होती. एका ग्रीक वर्तमानपत्रानं मॅरेथॉन विजेत्यासाठी प्राचीन कोरिंथियन पद्धतीचं कांस्य शिरस्त्राण दिलं होतं. हौशी खेळाडूला पदकाखेरीज काही घेता येत नाही, असा नियम पुढे करून ते त्याला देण्यात आलंच नाही. ते बर्लिनच्या एका संग्रहालयात पडून राहिलं. सोन यांना त्याचा पत्ता लागला तोच कित्येक वर्षांनी. मग पाठपुरावा, पत्रव्यवहार. १९८६ मध्ये, पन्नास वर्षांनी, ते त्यांच्या हाती आलं. कोरियानं ते राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलं आणि १९९४ मध्ये त्यांनी ते राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकलं.

१७ सप्टेंबर १९८८ ला सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनात ७६ वर्षांचे सोन मशाल घेऊन स्टेडियममध्ये आले. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. म्हातारा माणूस मशाल उंच धरून लहान मुलासारखा उड्या मारतो आहे. १९३६ च्या छायाचित्राशेजारी हे चित्रण ठेवलं की वेगळं भाष्य लागत नाही.

आणि १९९२. बार्सिलोनाची मॅरेथॉन योगायोगानं ९ ऑगस्टलाच होती. मोंजुइकच्या चढावर कोरियाचा ह्वांग योंग-जो आणि जपानचा मोरिशिता कोइची बराच वेळ जोडीनं धावत होते. ह्वांगनं उतारावर त्याला सोडलं आणि २ तास १३ मिनिटं २३ सेकंदांत जिंकला. प्रेक्षागृहात सोन होते. छप्पन्न वर्षांनी, त्याच तारखेला, कोरियाच्या नावावर मॅरेथॉनचं सुवर्ण लागलं. १५ नोव्हेंबर २००२ ला सोन गेले, नव्वदाव्या वर्षी.

नोंद दुरुस्त करावी का

बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये विजेत्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. मॅरेथॉनच्या ओळीत 'सोन, जपान' असं आहे. १५ ऑगस्ट १९७० च्या रात्री एका कोरियन खासदारानं छिन्नी घेऊन 'जपान' खरवडलं आणि तिथे 'कोरिया' कोरलं. जर्मन अधिकाऱ्यांनी ते पुन्हा पूर्ववत केलं. कोरियानं ऑलिंपिक समितीकडेही वेळोवेळी मागणी केली. समितीच्या संकेतस्थळावर सोन यांच्या परिचयात आता त्यांचं कोरियन नाव आणि त्या काळची परिस्थिती सांगितलेली आहे, पण अधिकृत निकालात पदक जपानचंच आहे.

या प्रश्नावर माझं मत दोन भागांत आहे. देशाच्या रकान्यातून 'जपान' काढू नये. १९३६ मध्ये ली गिल-योंग यांनी छायाचित्रातला झेंडा पुसला तेव्हा तो पुसणं धाडस होतं, कारण ज्यांनी झेंडा लादला ते सत्तेवर होते आणि पुसणाऱ्याला कोठडी मिळत होती. आज तोच झेंडा नोंदीतून पुसला तर फायदा लादणाऱ्यांचा होईल. नव्वद वर्षांनी कोणी निकाल उघडून पाहील आणि त्याला वाटेल, कोरियाचा माणूस कोरियासाठी धावला आणि जिंकला, इतकंच. तुरुंगात गेलेले पत्रकार, बंद पडलेली दैनिकं, धावायला घातलेली बंदी, या सगळ्याचा पुरावा म्हणजे तो एक शब्द आहे. तो तिथे खुपत राहिला पाहिजे.

नावाचं मात्र तसं नाही. देश कुठला हे त्या दिवशीचं राजकीय वास्तव होतं, अन्यायी असलं तरी वास्तव होतं. नाव हे माणसाचं स्वतःचं असतं. सोन यांनी बर्लिनमध्येच, विजयानंतर सहाव्या दिवशी, ते स्वतःच्या लिपीत लिहून दिलं होतं. म्हणजे त्यांची इच्छा काय होती याबद्दल शंकेला जागा नाही. मूळ नोंदीतलं जपानी वाचन तळटीपेत जावं आणि ओळीत सोन गी-जोंग यावं. त्यासाठी इतिहास बदलावा लागत नाही, एका माणसानं तेव्हाच केलेली दुरुस्ती मान्य करावी लागते.

आणि ही दुरुस्ती दोन ओळींची हवी. शिरस्त्राण, मशाल, झेंडा धरण्याचा मान, खासदाराची छिन्नी, सगळं सोन यांच्या वाट्याला आलं. नाम सुंग-योंग २००१ मध्ये गेले. १९४७ मध्ये पस्तिशीला आलेले असतानाही ते बोस्टनला धावले होते, कोरियाच्या नावानं. कोरियाबाहेर त्यांची ओळख आजही 'सोनसोबतचा दुसरा' इतकीच आहे. पहिल्या ओळीत नाव बदललं आणि तिसऱ्या ओळीत 'नान शोर्यू' तसंच राहिलं, तर काम अर्धवट राहील.